कॉम्प्युटरशेजारची वही

सकाळी वाचनालयाचं कुलूप काढताना पायरीवर सावरीची दोन-चार फुलं पडलेली दिसली, की माझ्या पोटात खड्डा पडतो. इथे त्या झाडाला सेमल म्हणतात. जाड लाल पाकळ्यांचं ते फूल खाली पडताना थप्प असा आवाज करतं, कुणी ओली चप्पल टाकल्यासारखा. दिल्लीत ही फुलं थंडी सरता सरता पडायला लागतात. सकाळी अंगात स्वेटर, दुपारी तोच कमरेला बांधलेला, आणि त्याच आठवड्यात मुलांच्या परीक्षा. मला परीक्षा असो की नसो, पोटाला ते कळत नाही. चौदाव्या वर्षी ते एकदा घाबरलं, तेव्हापासून दर वर्षी याच दिवसांत घाबरायला येतं.

मयूर विहारमधल्या आमच्या मराठी मंडळाचं वाचनालय मी सांभाळते. एका सोसायटीच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्या. एकीत पुस्तकांची कपाटं. दुसरीत लांब टेबल, अभ्यासाला येणारी मुलं आणि कोपऱ्यात मंडळाचा कॉम्प्युटर. झाडलोट, पुस्तकांची देवघेव, चहा, जाताना पंखे बंद करणं हे माझं काम. इथे येणारी माणसं पुण्या-मुंबईची, कुणी मंत्रालयात, कुणी नोएडाच्या ऑफिसात. मी लातूरकडची, नववीतून शाळा सोडलेली. माझे यजमान दिलीप कोपर्निकस मार्गावरच्या जुन्या अतिथीगृहात स्वयंपाकी आहेत. त्यांच्यामागे मी दिल्लीला आले आणि त्यांच्याच ओळखीनं हे काम मिळालं. मिळालं तेव्हापासून ते जाईल अशी भीती मला आहे. हे काम देणाऱ्यांचे उपकार वाटतात आणि भीतीही वाटते. दोन्ही एकाच कपाटात ठेवलेलं असतं, एक काढायला गेलं की दुसरं अंगावर पडतं.

काल दहावीतली अन्वी कॉम्प्युटरवर जुने पेपर बघत होती. एकदम स्क्रीन काळी झाली. तापलेल्या तव्यावरून उचलावा तसा तिनं हात उचलला आणि म्हणाली, "मावशी, मैंने कुछ नहीं किया." घरी मराठी बोलते ती, पण घाबरली की हिंदीत घाबरते.

मी म्हटलं, "वही आहे ना तिथं."

कॉम्प्युटरच्या टेबलाला दोरीनं एक वही बांधलेली आहे. तिची सुरुवात तीन वर्षांपूर्वीच्या अशाच फेब्रुवारीत झाली. पहिल्या पानावर माझं नाव आहे.

त्या वर्षी मंडळाचा कॉम्प्युटर म्हातारा झाला होता. सकाळी बटण दाबून मी झाडून घ्यायचे, पाणी भरायचे, वर्तमानपत्रं लावायचे, तेव्हा कुठे तो उठायचा. त्यातल्या विंडोजला नवी दुरुस्ती येणं बंद झालं होतं आणि नवीन कॉम्प्युटर घ्यायला मंडळाचे चिटणीस सामंतकाका तयार नव्हते. सामंतकाका केंद्र सरकारातून निवृत्त झालेले. कुठलीही वस्तू चालते आहे तोवर ती बदलायची नाही, आणि चालत नसेल तर ती का चालत नाही याचं टिपण ठेवायचं, अशी त्यांची रीत. मंडळाची सगळी मराठी कागदपत्रं ते स्वतः त्याच कॉम्प्युटरवर टाइप करायचे. त्या वर्षी पाडव्याला स्मरणिका निघायची होती. तिचे सगळे लेख त्यांनी वर्षभर बसून एका बोटानं टाइप करून ठेवले होते आणि मग महिनाभर लेकीकडे पुण्याला गेले होते.

रविवारी वाचनालयात मदतीला रुबिनाताई येतात. रुबिना तांबोळी. मूळच्या पुण्याच्या, नोएडात सॉफ्टवेअरच्या कंपनीत. मेट्रोतून उतरून चालत येतात, पाठीवर सॅक आणि हातात कधी भुईमुगाच्या शेंगा. त्या रविवारी त्यांनी सॅकमधून नखाएवढा पेन ड्राइव्ह काढला आणि म्हणाल्या, "शोभाताई, याला आपण लिनक्स देऊन बघू. जुन्या मशीनवर मस्त पळतं, यार."

"केवढ्याला?"

"फुकट."

"फुकट म्हणजे पहिला महिना ना?"

"नाही हो. फुकट म्हणजे फुकट. जगभरातले लोक मिळून बनवतात. कुणीही घ्या, कुणालाही द्या. उघडून आत काय आहे तेही बघा."

शहरात फुकट मिळणाऱ्या गोष्टींचा मला बरा अनुभव नव्हता. रात्री दिलीपना सांगितलं तर ते पोळी लाटता लाटता म्हणाले, "जगभरातले लोक मिळून करतात आणि पंगतीला कुणीही बसा. लंगर आहे म्हण की." दिल्लीत येऊन आम्ही दोघंही गुरुद्वाऱ्यात जेवलो आहोत, नवीन असताना, खोली मिळेपर्यंत. त्यामुळे ते मला लगेच पटलं.

त्या पेन ड्राइव्हची गंमत अशी होती, की तो लावून कॉम्प्युटर सुरू केला की नवी व्यवस्था नुसती पाहुणी म्हणून यायची. आतल्या कशाला हात लावायची नाही. पेन ड्राइव्ह काढला की जुनं सगळं जिथल्या तिथं. रुबिनाताई म्हणाल्या, "आठवडाभर खेळा यावर. काही मोडत नाही. फक्त हे इन्स्टॉलचं चिन्ह आहे ना, ते दाबू नका. पुढच्या रविवारी काका परत यायच्या आत आपण दोघी बसून करू. आधी बॅकअप घेऊ."

काही मोडत नाही, हे वाक्य मला कॉम्प्युटरसमोर उभं असताना याआधी कुणी म्हटलं नव्हतं.

पहिल्यांदा ते सुरू झालं तेव्हा त्यानं भाषा विचारली. लांबलचक यादी. मी बाणाची कळ दाबत खाली खाली गेले, आणि नेपाळी, हिंदीच्या आसपास कुठेतरी मराठी होती. ती निवडली. पडदा बदलला आणि सगळीकडे मराठी. जतन करा. रद्द करा. मागे जा. कचरापेटी. काही शब्द मला नवे होते, फाइलला धारिका म्हटलं होतं. मधेच एखादं वाक्य इंग्रजीत राहून गेलेलं, भाषांतर करता करता कुणी चहाला उठून गेल्यासारखं. पण बाकी सगळं मराठी. मी खुर्चीवर बसून एकेक यादी उघडत होते आणि नुसती वाचत होते. दाराबाहेर भाजीवाला हिंदीत ओरडत होता, सोसायटीचा गार्ड हिंदीत फोनवर भांडत होता, आणि हे मशीन मला विचारत होतं, "आपणास नक्की बंद करायचे आहे का?" आपणास. मला घरातसुद्धा कुणी आपणास म्हणत नाही.

रुबिनाताईंनी सांगितलं होतं की हे शब्दही लोकांनीच बसवलेत, पगाराशिवाय. मग मला वाटायला लागलं, "कचरापेटी" हा शब्द कुणी लिहिला असेल. बाई असेल की बुवा. लिहून झाल्यावर ते माणूस कामाला गेलं असेल, जेवलं असेल. त्याला माहीतही नसेल की मयूर विहारात एक बाई त्याचा शब्द बोटानं चाचपून बघते आहे.

कळफलकाचा तक्ता रुबिनाताईंनी कागदावर काढून दिला होता. के वर क, एच वर प. तो कागद मी स्क्रीनच्या कडेला चिकटवला. दुपारी मुलं यायच्या आधीचा तास माझा असायचा. सोमवारी मी माझं नाव लिहिलं. मंगळवारी आईला चार ओळींचं पत्र लिहिलं. पाठवायचं नव्हतं, नुसतं लिहिलं. इकडे थंडी कमी झाली, तुझा गुडघा कसा आहे, दिलीपना खोकला होता तो गेला. जतन करा दाबलं. बुधवारी येऊन बघते तर पत्र नाही. पाहुणा घरी जाताना आपलं सगळं घेऊन जातो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असेल, मी ऐकलं नसेल. मी पुन्हा लिहिलं. गुरुवारी पुन्हा नाही.

चार ओळींचं पत्र होतं ते, पण ते लिहायला मला पाऊण तास लागला होता, दोन्ही वेळा.

शुक्रवारी मी ते चिन्ह दाबलं.

अगदीच आंधळेपणानं नाही. सामंतकाकांनी केलेल्या "मंडळ" नावाच्या फोल्डरमधल्या सगळ्या धारिका मी आधी दिलीपच्या पेन ड्राइव्हवर उतरवून घेतल्या. त्यावर त्यांची भजनं होती, ती मी राहू दिली. धारिका सगळ्या उतरल्या की नाही तेही बघितलं. मग पुढे गेले. त्यानं विचारलं, डिस्क पुसून टाकायची का. मला वाटलं, पुसायलाच हवी, मी रोज टेबल पुसून मगच त्यावर काही मांडते. नंतर त्यानं विचारलं, आपले नाव काय. आता मंडळाचं नाव घालायला हवं होतं, हे आज कळतं. पण त्यानं माझ्याकडे बघून विचारल्यासारखं विचारलं, म्हणून मी लिहिलं, शोभा.

अर्ध्या तासात काम झालं. कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू केला, तो मिनिटभरात उठला आणि मधोमध लिहून आलं, शोभा. मला हसूच आलं. मग मी दिलीपचा पेन ड्राइव्ह लावला आणि स्मरणिकेचा पहिला लेख उघडला.

मराठीचं एक अक्षर नव्हतं. इंग्रजी अक्षरं होती, काहींच्या डोक्यावर ठिपके, मधेच कंस, मधेच डॉलरची खूण, मग पुन्हा डोक्यावर टोपी घातलेला ए. दुसरा लेख उघडला, तसाच. हिशेब, सभासदांची यादी, मागच्या सभांची इतिवृत्तं, सगळं तसंच. काकांची वीस वर्षांची मराठी कुणीतरी गिरणीतून काढल्यासारखी झाली होती.

इथे मला गावाकडची एक गोष्ट सांगायला हवी, कारण त्या खुर्चीवर बसून मी दिल्लीत नव्हतेच.

आम्ही नववीत असताना शाळेला एक कॉम्प्युटर आला. त्याच्यासाठी वेगळी खोली, खिडकीला पडदा, कॉम्प्युटरवर फुलाफुलांचं कापड. चपला बाहेर काढून आत जायचं. आम्ही मुलींनी पाळीपाळीनं ती खोली झाडायची. वार्षिक परीक्षा सुरू होती, इतिहासाच्या पेपरच्या आदल्या दिवशी माझी पाळी होती. सरांनी तो चालू ठेवला होता आणि ते ऑफिसात गेले होते. मी कापडानं मागची धूळ पुसली आणि कॉम्प्युटरचा पडदा काळा झाला. एक दिवा तेवढा मिणमिणत राहिला. मी थोडा वेळ उभी राहिले. मग त्याच्यावर फुलाफुलांचं कापड घातलं, खोलीला कडी लावली आणि घरी आले. दुसऱ्या दिवशी पेपरला गेले नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. त्याच महिन्यात आईचा गुडघा धरला होता, धाकट्या भावाला बघायला कुणी नव्हतं. मला घरी बघून आई म्हणाली, बरं झालं. कुणी काही विचारलंच नाही. मी विचारायची वाट बघत होते. पुढे जून आला, तरी कुणी विचारलं नाही.

शाळा मी त्या कॉम्प्युटरमुळे सोडली की आईच्या गुडघ्यामुळे, हे मला आजही नीट सांगता येत नाही. पण परीक्षेच्या दिवसांत पोट ज्याची आठवण काढतं तो गुडघा नाही.

तर शुक्रवारी मी मंडळाचा कॉम्प्युटर बंद केला आणि त्याच्यावर कापड घातलं. तेही फुलाफुलांचंच होतं, मीच कधीतरी शिवलेलं. शनिवारी रुबिनाताईंचा मेसेज आला, "कसं चाललंय? या रविवारी येता येणार नाही, ऑफिसात नव्या सॉफ्टवेअरचं रिलीज आहे. पुढच्या रविवारी करू." मी लिहिलं, "छान चाललंय ताई." काका परत यायला पाच दिवस होते.

मी ठरवलं की पुन्हा टाइप करायचं. मागच्या स्मरणिकेची छापील प्रत कपाटात होती, तिच्यातलेही काही लेख या वर्षी घ्यायचे होते. सभासदांची यादी भिंतीवर लावलेली होती. जे कागदावर मिळेल ते तरी परत उभं करू. पहिलं पान अडीच तासांनी झालं. मुलं टेबलाशी बसून मोठमोठ्यानं विज्ञानाच्या व्याख्या पाठ करत होती आणि मी त्यांच्याकडे पाठ करून जोडाक्षरं शोधत होते. एकदा फोनवर रुबिनाताईंना नुसतंच विचारलं की मराठीचे जास्तीचे फॉन्ट कसे घालतात. त्यांनी एक ओळ लिहायला सांगितली. ती लिहिली, पासवर्ड मागितला. मी पासवर्ड टाइप करत होते आणि पडद्यावर काही उमटत नव्हतं. एक ठिपकासुद्धा नाही. मला वाटलं, गेला, आता कळफलकही गेला. वायर काढून पुन्हा लावली. नंतर समजलं की तिथे पासवर्ड दिसतच नाही, आपण लिहीत राहायचं आणि विश्वास ठेवायचा. आलेले फॉन्ट सुंदर होते. लेखांतली इंग्रजी अक्षरं होती तशीच राहिली.

बुधवारपर्यंत माझी साडेसहा पानं झाली. स्मरणिका ऐंशी पानांची होती. बुधवारी घरी आल्यावर मी दिलीपना म्हटलं, "उद्यापासून मी वाचनालयात जाणार नाही. गुडघा दुखतोय म्हणून कळवा."

"तुझा कधीपासून दुखायला लागला?"

मग मी सगळं सांगितलं. ते लसूण सोलत होते. नोकरीत दिवसभर तेच करतात आणि घरी आल्यावरही. पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाले, "शंभर माणसांची भाजी करपली तर आम्ही काय करतो?"

"काय करता?"

"मॅनेजरला सांगतो, साहेब, करपली. तो शिव्या देतो. तो शिव्या देईस्तोवर दुसरी टाकतो. करपलेली झाकून घरी निघून आलो तर शंभर माणसं जेवणार काय?"

"आणि कामावरून काढलं तर?"

"तर काढलं. पण झाकण ठेवून पळालीस तर तू स्वतःच स्वतःला काढलंस. मग ते बिचारे काढणार कुणाला?"

गुरुवारी सकाळी पायरीवर फुलं पडलेली होती. कुणीतरी पाय देऊन गेलेलं, फरशीवर चिकट लाल डाग. मी ते धुतले, दोनदा. दहा वाजता सामंतकाका आले. हातात पुण्याहून आणलेली बाकरवडी. त्यांनी कॉम्प्युटरचं बटण दाबलं आणि उभेच राहिले, एरवी तो उठेस्तोवर वर्तमानपत्र वाचायची त्यांना सवय. तो लगेच उठला.

"हे शोभा काय आहे?" काका म्हणाले.

मी सांगितलं. उभ्यानंच, एका दमात, पत्र दोनदा नाहीसं झालं इथपासून ते साडेसहा पानांपर्यंत. काकांनी चष्मा काढला. एक लेख उघडून बघितला, दुसरा बघितला. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"शोभाबाई," ते म्हणाले, "लेखी खुलासा द्या."

"म्हणजे काका?"

"काय केलं, का केलं, कुणाला विचारून केलं, आणि नंतर सहा दिवस कळवलं का नाही. चारही मुद्दे. एका पानात. टाइप करून." मग त्यांनी बाकरवडीचा पुडा टेबलावर ठेवला आणि निघून गेले. तो पुडा मला दिला की विसरला, हे कळेना. मी त्याला हात लावला नाही.

खुलासा लिहायला मला दोन दिवस लागले. पहिले तीन मुद्दे लवकर झाले. चौथा होईना. कळवलं का नाही. घाबरले म्हणून, एवढंच लिहिलं तर ते खोटं नव्हतं, पण पूर्णही नव्हतं. मी लिहायचे आणि खोडायचे. हे मशीन खोडलेलं विसरतं, त्याचं मला बरं वाटत होतं. शेवटी मी लिहिलं, "यापूर्वी एकदा माझ्याकडून शाळेचा कॉम्प्युटर बिघडला होता व तेव्हाही मी कळवले नव्हते. त्यामुळे न कळवण्याची मला सवय आहे." वाचून बघितलं. ते बरोबर होतं. जतन करा दाबलं, बंद करून पुन्हा सुरू केलं. पान जागच्या जागी होतं.

रविवारी रुबिनाताई एरवीपेक्षा लवकर आल्या. काकांनी त्यांना फोन केला होता. आल्या आल्या मला म्हणाल्या, "मला फोन का नाही केलात? अरे यार, शोभाताई, दोन मिनिटांत सांगितलं असतं काय झालंय ते."

झालं होतं ते असं. काका ज्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप करायचे, त्यात आत खरं तर इंग्रजी अक्षरंच असतात. फॉन्ट त्यांना मराठीचं रूप देतो. मी कागदपत्रं उतरवून घेतली, पण रूप देणारा तो फॉन्ट कॉम्प्युटरमध्येच होता, तो डिस्कबरोबर पुसला गेला. रुबिनाताई म्हणाल्या, "तो फॉन्ट कुठे मिळाला तर सगळं जसंच्या तसं येईल. पण खूप जुना आहे, आता कुणाकडे असेल?"

काका उठून कपाटाकडे गेले. सगळ्यात खालच्या कप्प्यातून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. त्यात सीड्या होत्या, प्रत्येक कागदाच्या पाकिटात, पाकिटावर क्रमांक, आत काय आहे ते आणि सही. चौथ्या पाकिटावर लिहिलं होतं, मराठी फॉन्ट, मूळ प्रत.

"तीस वर्षं नोकरी केली," काका म्हणाले, "मूळ प्रत कधी हातातून सोडली नाही." मग दुसऱ्या कपाटाकडे बोट दाखवून म्हणाले, "आणि स्मरणिकेच्या प्रत्येक लेखाची छापील प्रत त्या निळ्या फायलीत आहे. विचारलं असतं तर सांगितलं असतं."

रुबिनाताईंनी फॉन्ट घातला. एक लेख उघडला. डोक्यावर टोपी घातलेले ते सगळे ए आणि डॉलर जाऊन त्या जागी मराठी आली, काकांची, मधे मधे दोन शब्दांत जास्त जागा सोडणारी. मी कपाटांमागच्या शेगडीशी जाऊन चहा टाकला, कारण तिथे माझ्याकडे कुणी बघत नव्हतं.

चहा घेताना काकांनी खिशातून माझा खुलासा काढला, घडी केलेला. त्यावर लाल शाईनं त्यांनी शेरा मारला होता. "पाहिले. खुलासा मान्य. नस्तीबद्ध करावा." आणि त्याखाली, "दिनांक घातलेला नाही."

"नस्तीबद्ध म्हणजे?" मी विचारलं.

"फायलीला लावायचा. म्हणजे प्रकरण संपलं. चूक लिहून काढली की ती कागदाची होते. मग ती कागदानं सांभाळायची, आपण नाही." बाकरवडीचा पुडा अजून टेबलावर होता. त्यांनी तो उघडला. "आणि ही मऊ पडायला आली. तुमच्यासाठी आणली होती."

त्याच दिवशी त्यांनी कॉम्प्युटरशेजारी वही बांधली. ज्याच्या हातून काही होईल त्यानं लिहायचं, काय दाबलं, काय झालं. ओरडा मिळणार नाही, पण लिहिल्याशिवाय उठायचं नाही. पहिल्या पानाला माझा खुलासा चिकटवला. पडद्यावरचं शोभा हे नाव बदलू का, असं रुबिनाताईंनी विचारलं. काका म्हणाले, "राहू द्या. जबाबदार व्यक्ती कोण ते कळतं."

गेल्या पावसाळ्यानंतर रुबिनाताईंनी माझ्या मागे लागून मुक्त शाळेचा दहावीचा फॉर्म आणला. त्याला शाळा सोडल्याचा दाखला लागतो. भावानं गावाहून काढून पाठवला. निळ्या शाईत माझं नाव, जन्मतारीख, वर्तणूक चांगली. शाळा सोडण्याचं कारण या रकान्यात लिहिलं होतं, "सतत गैरहजर". ते खोटं नव्हतं. पण पूर्णही नव्हतं.

मी मुख्याध्यापकांना खुलासा लिहिला. आता मला मुद्दे माहीत होते. काय केलं, का केलं, कळवलं का नाही. खाली दिनांक घातला. दोन प्रती काढल्या, एक पोस्टात टाकली, मूळ प्रत काकांच्या डब्यात.

महिन्यानं फोन आला. हल्लीच्या मुख्याध्यापिका बोलत होत्या, आवाजावरून माझ्याच वयाच्या. म्हणाल्या, "ताई, तुमचं पत्र वाचलं. मी जुनं डेडस्टॉक रजिस्टर काढून बघितलं." शाळेतल्या टेबल-खुर्च्या, घंटा, नकाशे यांची नोंद असते ते. "संगणक संच एक. तुम्ही शाळा सोडली त्या वर्षीच्या तपासणीत शेरा आहे, चालू स्थितीत. त्याच्या पुढच्या वर्षीपण चालू. पुढं सात-आठ वर्षं चालूच आहे हो. मग जुना झाला म्हणून निर्लेखित करून भंगारात काढला."

"मग तो काळा झाला होता ते?"

"वायर ढिली झाली असंल पुसताना. आमच्या इथं अजून होतंय तसं."

मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. आनंद व्हायला हवा होता. आधी रागच आला, आणि तो कुणावर काढायचा ते समजेना. वायरवर काढता येत नाही. त्या दुपारी मी कॉम्प्युटरच्या मागे जाऊन त्याच्या सगळ्या वायरी एकेक करून घट्ट बसवल्या. बसलेल्याच होत्या.

यंदा अन्वीच्या परीक्षा संपतील तेव्हा माझ्या सुरू होतील. गणिताची धास्ती आहे. इतिहास बरा आहे, तो पेपर माझा राहिलेलाच आहे. लांब टेबलाच्या एका टोकाला मुलं बसतात, दुसऱ्या टोकाला मी. त्यांच्यातलं कुणी मला हसत नाही, फक्त माझं पेन पळवतात.

तर काल अन्वी वहीसमोर बसली. बराच वेळ पेनचं टोपण चावलं. मी वायर तपासली, बटण दाबलं, पडदा आला, शोभा. तिनं लिहून वही माझ्याकडे सरकवली. तिचं मराठी अक्षर मोठं आणि गोल आहे, क्वचित लिहिणाऱ्याचं असतं तसं. "मी एक कळ दाबली. मला माहीत नाही कुठची. मी आधी म्हटलं काही नाही केलं पण केलं होतं."

मी खाली लिहिलं, पाहिले. आणि दिनांक घातला.